वाफसा येईपर्यंत: एका मायनर लीग मैदानावरचे शेवटचे सहा दिवस

पार्श्वभूमी

अमेरिकेत मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, खाली मायनर लीगचे १२० संघ आहेत. ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा चार पायऱ्या, प्रत्येक पायरीवर ३० संघ. खेळाडू आणि प्रशिक्षक वरच्या मोठ्या संघाच्या पगारावर असतात. मैदान, तिकिटं, हॉटडॉगचे ठेले आणि पावसात भिजणारे आम्ही, हे सगळं त्या-त्या संघाचा मालक सांभाळतो. मी ज्या संघाच्या मैदानावर राबत होतो तो हाय-एचा, मिडवेस्ट भागातला. संघाचं, गावाचं, माणसांचं नाव इथे मुद्दाम देत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या काळ्या रानात वाढलो. राहुरीला कृषीची पदवी घेतली, मग खेळाच्या मैदानावरचं गवत आणि माती शिकायला इकडे आलो. त्या वर्षी ग्राउंड्स क्रूत, म्हणजे मैदानाची निगा राखणाऱ्या टोळीत, कायम नोकरीवर दोनच माणसं होती: हेड ग्राउंड्सकीपर (पुढे नुसतं 'हेड' म्हणतो) आणि त्यांचा सहायक. आम्ही हंगामी पाच. ऑगस्टअखेर कॉलेजं सुरू झाली आणि पाचातले तीन उरलो.

हाय-एचा हंगाम १३२ सामन्यांचा. त्याचे ६६-६६ चे दोन अर्ध असतात आणि प्रत्येक अर्धात गटात पहिला येणारा प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातो. त्यामुळे जूनपर्यंत तळाला लोळणाऱ्या संघालाही त्यानंतर पाटी कोरी मिळते. आमचं तसंच झालं. तेही जुलैत आमचे दोन चांगले पिचर (चेंडू टाकणारे) डबल-एला बढतीवर गेल्यानंतर. मायनर लीगची ही गंमत आहे: जो चांगला खेळतो तो निघून जातो, आणि राहिलेल्यांनी जिंकायचं असतं.

अजून दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. इथे एकाच पाहुण्या संघाशी मंगळवार ते रविवार सलग सहा सामने होतात, सोमवारी सुट्टी. आणि अर्धाच्या शेवटी पावसाने वाहून गेलेला सामना भरून काढायला दिवसच उरला नाही, तर तो रद्द होतो. मग क्रमवारी जिंकलेल्या सामन्यांच्या प्रमाणावर लागते. म्हणजे न खेळलेला सामनाही क्रमवारी हलवू शकतो.

मैदानाबद्दल

बेसबॉलच्या इनफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या आतल्या भागात, बेसच्या (धाव घेताना क्रमाने गाठायच्या जागांच्या) भोवती गवताशिवायचा मातीचा पट्टा असतो. क्रूच्या भाषेत ती 'स्किन'. वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं ठरलेलं मिश्रण, त्यात वाळूच जास्त. तिला जेमतेम ओल लागते. कोरडी पडली तर धूळ आणि दगडासारखी टणक, जास्त भिजली तर रबडी. मधला माउंड, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो तो उंचवटा, होम प्लेटच्या (फलंदाजाच्या जागेच्या) पातळीपेक्षा १० इंच उंच, १८ फूट व्यासाचा. त्याची माती वेगळी, जास्त चिकट, कारण पिचरचा पुढचा पाय प्रत्येक चेंडूला त्याच जागी आदळतो. मुंबईत कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते आणि ओल्या खेळपट्टीवर खेळण्यातच तिची शान आहे. इथे तसं चालत नाही. वरच्या संघाने ज्याच्यावर लाखो डॉलर लावलेत त्या पोराचा पाय माउंडवर घसरला, तर फोन थेट आमच्या शेडमध्ये येतो.

आता 'लिप'. स्किन जिथे संपते आणि आउटफिल्डचं, म्हणजे बाहेरच्या भागाचं, गवत सुरू होतं, त्या कडेवर खेळताना, झाडताना, ड्रॅग (माती मोकळी करायचं अवजार) ओढताना माती उडून गवतात साचते. गवत तिच्यातून वर येतं, अजून माती धरतं, आणि हळूहळू कडेला एक उंचवटा तयार होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बांध. त्याने दोन घोटाळे होतात: वेगाने आलेला चेंडू त्यावर आपटून भलतीकडे उसळतो, आणि स्किनवरचं पाणी आउटफिल्डकडे जायचं ते अडून राहतं. उपाय अगदी साधा आहे. रोज कडा झाडायच्या आणि आठवड्यातून एकदा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गवतात बसलेली माती परत स्किनवर धुऊन आणायची.

दुसऱ्या बेसच्या मागची कड माझ्याकडे होती. जुलैत मैदानावर लहान मुलांची शिबिरं झाली, एक संगीताचा कार्यक्रम झाला, मग ऑगस्टअखेर दोन माणसं कमी झाली. मी ब्लोअर फिरवत राहिलो आणि फवारा मारायचं राहून गेलं. पाच आठवडे. कामाच्या यादीवर त्यातल्या दोन आठवड्यांत मी 'झालं' अशी खूण केली, कारण ब्लोअर तर फिरवला होता.

अडचण

सप्टेंबरच्या शेवटच्या मालिकेला आम्ही घरच्या मैदानावर होतो, ३५ जिंकून २४ हरलेले. एक सामना आधीच पावसाने कायमचा गेला होता. क्रमवारीत आमच्या लगेच मागे असलेल्या संघाचे (पुढे नुसतं 'मागचा संघ') ३५–२५. ते दुसऱ्या गावात दुसऱ्याच संघाशी खेळत होते.

मंगळवारी जिंकलो, बुधवारी हरलो. गुरुवारी पाऊस, सामना शुक्रवारवर ढकलला. शुक्रवारी डबलहेडर, म्हणजे सात-सात इनिंगचे दोन सामने (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात). एक जिंकलो, एक हरलो. ३७–२६. मागच्या संघानेही त्या चार दिवसांत दोन जिंकले, दोन हरले: ३७–२७. दोघांचेही शनिवार आणि रविवार उरले होते. रविवारी दिवसभर पाऊस, असं सगळे अंदाज एकमुखाने सांगत होते.

शुक्रवार रात्र: झाकायचं की नाही

डबलहेडर पावणेअकराला संपलं. पहाटे पावसाची शक्यता ४० टक्के, तीही हलक्या सरींची.

इनफिल्ड झाकायची आमची टार्प १७० फूट लांब, १७० फूट रुंद. ती ओढायला किमान बारा-चौदा माणसं लागतात. क्रूमध्ये आम्ही पाच, म्हणून मायनर लीगमध्ये सगळीकडे होतं तसं तिकीट खिडकीवरची मुलं, हिशेबनीस, जाहिरात विकणारे असे सगळे पावसात धावत येतात. त्या रात्री ते घरी गेले होते. ऑपरेशन्सचा माणूस फोनवर म्हणाला, "वीस मिनिटांत आठ जण आणतो."

झाकण्याच्या विरुद्धचं कारणही पोकळ नव्हतं. बुधवार रात्रीपासून शुक्रवार दुपारपर्यंत टार्प मैदानावरच होती आणि खालचं गवत पिवळट पडलं होतं. उबदार रात्री प्लास्टिकखाली कोंडलेल्या गवताला बुरशी लागायला वेळ लागत नाही. त्यात माणसं पहाटे सहापासून उभी होती. हेडनी रडार पाहिलं, गवतावरून हात फिरवला आणि ठरवलं: फक्त माउंड आणि होम प्लेटवर छोटी आच्छादनं टाकायची, बाकी उघडं ठेवायचं.

या निर्णयावर हेडचं आणि माझं आजही जमत नाही. ते म्हणतात, त्या माहितीवर तोच निर्णय बरोबर होता. मी म्हणतो, आम्ही पाऊस येण्याची शक्यता मोजली. आला तर किती महागात पडेल ते मोजलंच नाही. आणि ते मोजायला लागणारी एकच माहिती फक्त माझ्याकडे होती. दुसऱ्या बेसमागची कड वाढली आहे, पाणी तिथे अडेल, हे मला ठाऊक होतं. मी बोललो असतो तर हेडनी आठ माणसं बोलावली असती. मी दमलो होतो, आणि बोललो असतो तर यादीवरच्या त्या दोन खुणांबद्दलही बोलावं लागलं असतं.

अडीच ते साडेचार पाऊस लागला. पर्जन्यमापकात ०.८५ इंच.

शनिवार सकाळ: पाणी कसं काढायचं

सहाला पोचलो तेव्हा शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमध्ये उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या) जागेपासून दुसऱ्या बेसच्या पलीकडपर्यंत चाळीसेक फूट लांब तळं होतं. चहाच्या रंगाचं, बुटाचा तळवा बुडेल इतकं. पलीकडचं आउटफिल्ड निथळून स्वच्छ. मध्ये तो बांध. हेडनी काही न बोलता दोन खिळे रोवून दोरी ताणली आणि कडेची उंची मोजली. एक इंचाला जरा कमी. मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं. ते ऑक्टोबरमध्ये बोलू. आत्ता सामना साडेसहाला आहे."

मी गावाकडे आप्पांना फोटो पाठवला. तिकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजले असतील. उत्तर आलं, "बांध फोड की."

समोरचे पर्याय असे होते. एक, वाऱ्यावर आणि उन्हावर सोडून द्यायचं. पण आभाळ ढगाळ होतं आणि तळ्याखालची माती रविवारपर्यंतही आटली नसती. दुसरा, पंपाने पाणी उपसून भाजलेल्या मातीचे बारीक खडे ओतायचे. ५० पौंडांच्या गोण्या मिळतात, पाणी शोषतात. पण वरचा थर कोरडा दिसतो आणि खाली रबडी तशीच राहते. खेळाडूचा पाय आत गेला की कळतं. शिवाय भरमसाट ओतले तर मातीचं मिश्रणच बिघडतं. तिसरा, दोन इंच चिखल खरवडून काढून कोरडं मिश्रण भरायचं. पाच माणसांना पाच-सहा तास, आणि शेडमध्ये तेवढी कोरडी माती नव्हती. ऑफिसातला एक जण हेलिकॉप्टर भाड्याने आणायचं म्हणत होता. मोठ्या मैदानांवर तसं खरंच करतात, पण आमच्या बजेटात दोन तास चालणारा ब्लोअर बसत होता. पेट्रोल ओतून पेटवायची गावठी युक्ती कुणीतरी सुचवलीच. माती भाजते आणि जमिनीत जे मुरतं ते वेगळंच निस्तरावं लागतं.

चौथा पर्याय आप्पांचा. हेडना सांगितला तेव्हा ते कडेवर उकिडवे बसले आणि बराच वेळ तसेच राहिले. गवत कापणं म्हणजे त्यांच्या पोटात कालवाकालव. आणि कापलेली कड म्हणजे चेंडूला अडखळायला नवी जागा. शेवटी म्हणाले, "काप. फावड्याच्या रुंदीची. सरळ."

मी तीन चर कापले: एक मधोमध जिथे पाणी सगळ्यात खोल होतं, एक उजवीकडे, एक शॉर्टस्टॉपच्या बाजूला. मधल्यातून पाणी आवाज करत आउटफिल्डकडे पळालं. उजवीकडच्यातून बारीक धार आली. तिसऱ्यातून जवळपास काहीच नाही. ते मी पाहिलं आणि पुढच्या कामाला लागलो.

उरलेलं पाणी पंपाने आणि स्पंजाने काढलं. झाडूने पाणी लोटायचं नाही हा हेडचा कडक नियम, कारण पाण्याबरोबर बारीक माती जाते आणि त्या जागी पुढच्या पावसाला आणखी खोल खड्डा पडतो. मग सगळ्यात अवघड काम: काहीच न करणं. भिजलेल्या चिकण मातीत लवकर घुसलं की ती रापून गुळगुळीत होते, वरून बंद होते आणि आतली ओल कोंडते. रानात वाफसा यायच्या आधी कुळव घातला की जशी ढेकळं धरतात तसंच. इंग्रजीत त्याला एक सुटसुटीत शब्द मला अजून सापडलेला नाही. मी हेडना 'वाफसा' शिकवला. त्या दिवशी ते दर अर्ध्या तासाला मूठभर माती दाबून, बोटाने फोडून, सहायकाला ओरडून सांगायचे, "नो वाफसा!"

दीड वाजता मुठीतला गोळा बोटाच्या टोकाने फुटला. मग खिळ्यांचा ड्रॅग, म्हणजे आपला कुळवच, हलक्या हाताने ओढला, वरचा थर मोकळा केला, वारा आत जाऊ दिला. खड्यांच्या गोण्या लागल्या बावीस, तेही फक्त तळ्याच्या जागी.

शनिवार दुपार: काय घाई आहे?

दुपारी लोक येऊ लागले. जनरल मॅनेजरला सामना हवाच होता. शनिवारची गर्दी, फटाके, सगळी तिकिटं गेलेली. वरच्या संघाच्या पिचिंगवाल्याला माउंड बघायचा होता. आमच्या टीम मॅनेजरने (इथे मुख्य प्रशिक्षकालाच मॅनेजर म्हणतात) पहिल्या बेसपाशी जाऊन बुटाने माती टोकरली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "इथे जरा ओलसरच राहू दे, चालेल ना?" पाहुण्या संघात तीन पळणारे होते आणि बेस चोरणाऱ्याला, म्हणजे चेंडू टोलवला जायची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळणाऱ्याला, पहिलं पाऊल टाकायला घट्ट जमीन लागते. ही युक्ती जुनीच आहे. १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघातल्या मॉरी विल्सला रोखायला पहिल्या बेसभोवती पाण्याचा मारा केला होता. त्या हंगामात विल्सने १०४ बेस चोरले होते. हेड हसले आणि म्हणाले, त्या जागेवर दोन्ही संघांची पोरं पळणार आहेत. तो विषय तिथेच संपला.

खरा पेच चारच्या सुमाराला आला. दुसऱ्या गावातला दुपारचा सामना मागचा संघ हरला. ३७–२८. आता त्यांनी रविवार जिंकला तरी ३८–२८, म्हणजे .५७६. आमचे शनिवार-रविवार दोन्ही सामने झालेच नाहीत तर आम्ही ३७–२६ वर थांबतो: .५८७, आणि प्लेऑफ पक्का. शनिवारचा पुढे ढकलला गेला तर तो रविवारी, आणि रविवारी तर पाऊसच. म्हणजे शनिवारी दुसऱ्या बेसमागची माती थोडी उशिरा वाळली की झालं.

"मैदान तयार करू नका" असं कुणीही म्हणालं नाही. असं कुणी म्हणत नसतं. एक सहायक कोच शेडच्या दारात टेकून म्हणाला, "काय घाई आहे? गवत बिचारं दमलंय." दुसऱ्याने विचारलं, "उद्या दिवसभर आहे ना पाऊस?" पाहुणे पाचव्या क्रमांकावर, त्यांना घरी जायची घाई.

नियम काय सांगतो ते इथे महत्त्वाचं आहे. हवामान आणि मैदान पाहून सामना सुरू करायचा की नाही हे यजमान संघ ठरवतो. लाइनअप कार्ड, म्हणजे खेळणाऱ्यांची यादी, मुख्य अंपायरच्या हातात गेलं की पुढचा अधिकार त्याचा. पण हंगामाच्या शेवटच्या मालिकेत, सामना न होण्याने क्रमवारी बदलू शकत असेल, तर दुसऱ्या संघाच्या तक्रारीवरून लीगचे अध्यक्ष यजमानाचा हा अधिकार स्वतःकडे घेऊ शकतात. नियम करणाऱ्यांना शेडच्या दारातली वाक्यं ठाऊक होती म्हणायची.

हेडनी वाद घातला नाही, भाषणही दिलं नाही. सकाळी सातपासून त्यांनी कॉरिडॉरमधल्या पांढऱ्या फळ्यावर दर तासाची नोंद ठेवली होती: माउंड, प्लेट, चारही कोपरे, दुसऱ्या बेसची मागची बाजू, प्रत्येकापुढे 'ओलं', 'होतंय', 'तयार'. प्रत्येक तासाला त्याच जागेवरून एक फोटो. साडेचारला त्यांनी दोन्ही मॅनेजरांना आणि दोघा अंपायरांना बोलावलं आणि सगळ्यांना एकत्र मैदानावरून फिरवलं. फळ्यावर शेवटची ओळ त्यांच्यासमोरच लिहिली: "सव्वासातला तयार." मग आम्हाला म्हणाले, "आपण मातीबद्दल सांगायचं. गुणतक्त्याबद्दल सांगायला इथे भरपूर लोक आहेत."

सामना सात वीसला सुरू झाला.

सहावी इनिंग

पाचव्या इनिंगनंतर आम्ही २–३ ने मागे होतो. सहाव्याचा पाहुण्यांचा डाव संपला आणि पश्चिमेकडून वाऱ्याचा झोत आला. पाच इनिंग पूर्ण झाल्या की सामना अधिकृत धरला जातो. अंपायरने आता तो थांबवून संपवला असता तर आम्ही हरलो असतो. दुपारी ज्यांना घाई नव्हती त्यांना आता फार घाई होती.

टार्प ओढायला सोळा जण आले. हिशेबनीस बाई, तिकीट खिडकीची मुलं, आणि शुभंकराच्या पोशाखातला मुलगा, डोकं काढून बाजूला ठेवलेलं, अंगावर लाल फर तसंच. वाऱ्यात टार्प ओढताना कडा गुडघ्याच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. खाली हवा शिरली की ती पाल होते. हेडचं वाक्य ठरलेलं: "उचलायला लागली की सोड. टार्प परत येते." एका नव्या मुलाने सोडली नाही, दहा फूट फरफटला, कोपर सोलटलं. थोडक्यात निभावलं. १९८५ च्या नॅशनल लीग चॅम्पियनशिप मालिकेत सेंट लुईसला चौथ्या सामन्याआधी यांत्रिक टार्प व्हिन्स कोलमनच्या पायावर चढली आणि त्याचा सगळा उरलेला मोसम गेला. या कामात ती गोष्ट प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात सांगितली जाते.

पन्नास मिनिटं पाऊस, अर्धा इंच. १७० बाय १७० च्या कापडावर अर्धा इंच म्हणजे ३४ हजार लिटर पाणी. ते ओतायचं कुठे? नेहमी आम्ही टार्प उलटवून दुसऱ्या बेसमागच्या आउटफिल्डवर ओतायचो. त्या रात्री तिथे तीन चर उघडे होते. बांध फोडला की पाणी बाहेर जातं तसं आतही येतं. सहायकाच्या हे आधी लक्षात आलं. उजव्या कोपऱ्याकडे, रेषेच्या बाहेर ओतलं. जास्त चालावं लागलं, दहा मिनिटं जास्त लागली. डगआउटमधून आवाज येत होते. सामना असा थांबलेला असताना क्रूवर हुकूम अंपायरचा चालतो, आणि मैदान तयार करायचा त्याचा हुकूम पाळला नाही तर सामना पाहुण्यांच्या खात्यात जातो. त्यामुळे त्या आवाजांकडे न बघण्याची आम्हाला चांगली सोय होती.

पावणेअकराला खेळ पुन्हा सुरू झाला. स्टेडियममध्ये चार-पाचशे लोक उरले असतील. आम्ही २–४ ने हरलो.

परिणाम

रविवारी पहाटेपासून मुसळधार. मागच्या संघाने तक्रार केली असावी, कारण सकाळी लीगच्या कार्यालयातून फोन आला: निर्णय आम्ही घेणार, तासातासाला कळवा. हेडनी रविवारचे फोटो पाठवले आणि सोबत न मागता शनिवारचा सगळा फळाही पाठवला. दीड वाजता सामना रद्द झाला.

३७–२७. .५७८. मागच्या संघाने त्यांचा सामना जिंकला आणि .५७६ वर थांबला. शेडमध्ये ओल्या मोज्यांच्या वासात आम्ही पाच जणांनी एक गार पिझ्झा खाल्ला. डगआउटमध्ये शॅम्पेन उडत होती असं नंतर ऐकलं.

शनिवारी सामना झालाच नसता तरी हेच घडलं असतं, हे मला त्या पिझ्झाच्या वेळीच कळलं होतं. हेडना विचारलं तर म्हणाले, "मग काय फरक पडतो?" ते नक्की कुठल्या अर्थाने म्हणाले हे मी अजून ठरवलेलं नाही.

सोमवारी आम्ही चर बुजवले. उजव्या कुंपणामागच्या गवताचे तुकडे कापून आणले, बसवले, रोलर फिरवला. मंगळवारी प्लेऑफचा पहिला सामना आमच्या मैदानावर होता. छत्तीस तासांत मूळ धरत नाही. चौथ्या इनिंगमध्ये एक जोराचा सरपटता चेंडू शॉर्टस्टॉपच्या डावीकडून आला, तो मागे सरकून कडेवर पोचला, आणि चेंडू नेमका डावीकडच्या तुकड्याच्या सांध्यावर आपटून त्याच्या खांद्यावरून गेला. एक धाव. हरलो ५–२ ने, त्यामुळे त्या एका धावेने सामना गेला असं म्हणता येणार नाही. पुढचा सामना त्यांच्या गावात हरलो आणि हंगाम संपला.

वेगळं काय करता आलं असतं

डावीकडचा चर नको होता. सकाळी त्यातून पाणी येत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी कुठे खोल आहे हे काठीने मोजून एकच चर कापला असता तर तो तुकडा, तो सांधा तिथे नसता. मी तीन कापले कारण मला भीती वाटली होती, आणि भीती वाटते तेव्हा माणूस जास्त खणतो.

शुक्रवारी रात्री हेडनी विचारायला हवं होतं की सगळ्यात वाईट जागा कुठली आहे. मी न विचारता सांगायला हवं होतं. आता त्या मैदानावर दर सोमवारी दोरी ताणून कडांची उंची वहीत लिहितात. 'झालं' असा रकानाच काढून टाकलाय, त्या जागी आकडा लिहायचा. दुसऱ्या बेसमागच्या पट्ट्यापुरती लहान टार्प घ्यावी असं मी सुचवलं होतं, ते पैशांवर अडलं.

फळ्यावरच्या नोंदी ही मात्र मला त्या आठवड्यातली सगळ्यात नेमकी गोष्ट वाटते. त्या दुपारी चारला सुरू केल्या असत्या तर कुणीही म्हणालं असतं की बातमी आल्यावर सुचलं. त्या सकाळी सातला सुरू झाल्या होत्या, जेव्हा मागचा संघ हरणार की जिंकणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हेड आणि मी ती कड सोलून काढली. गवताची वळकटी गुंडाळली, खालची साचलेली माती उपसली, नवं गवत पातळीत बसवलं. सात ढकलगाड्या लाल माती निघाली. ढिगाचा फोटो आप्पांना पाठवला.

"एवढी माती तिथं नेली कुणी?" त्यांनी विचारलं.

पाच आठवड्यांची मी, असं लिहिलं आणि फवाऱ्याची नळी गुंडाळायला गेलो.